वाघाचं तोंड वाकडं

माझी नात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. मागच्या उन्हाळ्यात ती मनीषनगरच्या घरी आली आणि आठ दिवस फोनवर कोणाशी तरी भांडत राहिली. मी विचारलं, काय बिघडलं? ती म्हणाली, "आजी, शंभर नव्या मशिनींवर लिनक्स आपोआप चढवायचं असतं. कोणती मशीन कशी उभी करायची ते एका यादीत लिहून द्यायचं. ती यादी बनवायचं आमचं एक साधन आहे, तेच बिघडलंय. यादी चुकीची निघते आणि मशिनी बिचाऱ्या लिहिलं तसंच करतात." मी विचारलं, दोष कोणावर टाकला? ती म्हणाली, अजून कोणावर नाही. मी म्हटलं, मग तुम्ही आमच्यापेक्षा बरे.

लिनक्स काय असतं ते मला कळलं नाही. बाकी सगळं कळलं. मी बावीस वर्षं नागपुरातल्या एका विणकर सोसायटीत पत्ते कापले. खेळायचे नव्हेत, जकार्डचे.

ज्यांनी हातमाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. साधं कापड विणताना अर्धे उभे धागे वर उचलायचे, मधून आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा, मग उरलेले अर्धे उचलायचे, पुन्हा धोटा. पण कापडात फूल किंवा पाखरू काढायचं तर दर फेकीला वेगळे धागे वर यावे लागतात. कोणते, हे विणकराने कुठवर लक्षात ठेवायचं? म्हणून मागाच्या डोक्यावर जकार्ड नावाचं यंत्र बसवतात आणि त्याला जाड पुठ्ठ्याचे पत्ते खायला घालतात. एक पत्ता म्हणजे धोट्याची एक फेक. पत्त्यावर जिथे भोक आहे तिथला धागा वर येतो, जिथे नाही तिथला खाली राहतो. असे तीनशे-चारशे पत्ते दोरीने एकापुढे एक बांधायचे आणि ती माळ मागावर चढवायची. विणकर पाय मारतो, माळ एकेक पत्ता पुढे सरकते आणि कापडावर चित्र उमटत जातं. विणकराने ते चित्र आधी पाहिलेलं नसलं तरी चालतं.

म्हणजे अक्कल सगळी पत्त्यात, आणि पत्ता माझ्या हातात.

पत्ते कापायचं मशीन सोसायटीकडे एकच होतं, कुठल्या तरी बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेलं. त्याला बाजाच्या पेटीसारख्या आठ पट्ट्या होत्या. समोर चौकटींच्या कागदावर रंगवलेलं चित्र टांगलेलं असायचं. आठ चौकटी वाचायच्या, जिथे रंग आहे तिथली पट्टी बोटाने दाबायची आणि पायडल मारायचं. खट् करून भोकं पडायची. पाय उचलला की पत्ता धरलेली गाडी एक घर पुढे सरकायची. मग पुढच्या आठ चौकटी. एका पत्त्यावर अशी एक्कावन्न घरं. पत्ते बांधायच्या दोरीची भोकं आधीच वेगळ्या साच्यात पाडून ठेवलेली असत. त्यातली एक जोडी पत्त्याच्या मधोमध होती, म्हणून तिथे आलं की गाडीला जरा लांब उडी मारावी लागे. गाडीखाली करवतीसारखी एक दातेरी पट्टी होती आणि एक खटका त्या दातांत अडकून गाडीला जागेवर धरून ठेवायचा. मशीन एवढंच.

मी चौथी पास. सोसायटीत आधी सुताच्या लडी मोजायला लागले होते. पत्ते कापणाऱ्या गंगाबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांना चौकटी दिसेनात, तेव्हा अक्षर आणि आकडा येणारी बाई म्हणून मला त्या मशीनवर बसवलं. ते सगळ्यांना रुचलं नाही. विणकर बहुतेक कोष्टी घरांतले आणि आम्ही छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातले. तोंडावर कोणी बोललं नाही. पाठीमागे काय बोलत ते मला ठाऊक होतं, कारण मी कान उघडे ठेवूनच बसायचे. माझा स्वभाव संशयी आहे. कोणी गोड बोललं की मी आधी त्याच्या हातात काय आहे ते पाहते. या स्वभावाने माझे फायदेच जास्त झाले आहेत. नुकसान एकदा झालं, ते माझं झालं नाही, दुसऱ्याचं झालं. तेच सांगायला बसले आहे.

गंगाबाईंनी मला तीन महिने शिकवलं. बोटं कशी ठेवायची, ओळ कशी सुटू द्यायची नाही, पाठ दुखली तर उशी कुठे घ्यायची. एक गोष्ट मात्र मला पटली नाही. पत्ता मध्यावर आला की त्या थांबायच्या, गाडीला उजव्या हाताची बोटं लावायच्या, ती बोटं कपाळाला लावायच्या आणि मग पुढे जायच्या. दर पत्त्याला, एकही न चुकता.

"हे काहून?" मी विचारलं.

"मशीनचा मान होय वं. मले शिकवलं त्या बुढ्यानं सांगतलं होतं, मध्यावर आलं की पाया पडाचं."

"मले नाई जमणार. आमच्यात हे सोडलं."

"नको करू. पोट तुहं, मशीन सोसायटीचं."

त्या रागावल्या नाहीत. मीही तो विषय पुन्हा काढला नाही. त्या होत्या तोवर माझा पत्ता मध्यावर आला की शेजारून हात लांबवून त्याच गाडीला पाया पडायच्या. मला वाटायचं, म्हातारी माझं पाप धुते आहे. त्या काम सोडून घरी बसल्यावर तो प्रकार बंद झाला.

पहिली काही वर्षं लहानसहान कामं होती. काठाच्या वेली, पदराच्या कोयऱ्या. गिऱ्हाइकं तऱ्हेवाईक. एका निवडणुकीत एका उमेदवाराचा माणूस आला, म्हणाला, उपरण्याच्या काठात साहेबांचं नाव विणून पाहिजे, दोन्ही काठांत. मी विचारलं, साहेब पडले तर उपरणी कोण नेईल? तो चिडला. "बाई, असं अशुभ बोलता?" मी म्हटलं, पत्ते कापायला दोन हप्ते, विणायला तीन, तुमचं मतदान चार हप्त्यांवर. तो सेक्रेटरींकडे माझी तक्रार करून गेला. उपरणी तयार झाली तेव्हा साहेब पडलेले होते. मग ती आम्हीच वापरली. माझ्या वाट्याला एक आलं, त्याने मी मशीन पुसायचे. असल्या कामांत आठ-दहा धागे इकडेतिकडे झाले तरी कोणाच्या नजरेत येत नसे. वेलीचं पान जरा बाजूला गेलं तर पान वाऱ्याने हललं म्हणायचं.

मग वाघ आला.

जंगलातल्या एका सरकारी विश्रामगृहासाठी पडद्यांची मागणी होती. प्रत्येक पडद्याच्या खालच्या पट्टीत समोरून पाहणारं वाघाचं तोंड. आमच्या चित्रकार मास्तरांनी महिनाभर बसून चौकटींच्या कागदावर तो वाघ रंगवला. नाक बरोबर कागदाच्या मधोमध, दोन्हीकडे सारख्या मिशा. एवढं मोठं काम सोसायटीला आधी मिळालं नव्हतं. नमुना पसंत पडला तर आठही जकार्ड मागांवर वाघ चढणार होता. मी तीनशे साठ पत्ते कापले आणि पहिली माळ श्रावणच्या मागावर गेली.

श्रावण आमच्यातला सगळ्यात चांगला हात. सक्करदऱ्याकडे राहायचा. चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. घरी त्याचा एक खड्ड्यातला साधा माग होता, त्यावर तो बाजारातल्या एका शेठसाठी पंचे विणायचा. सोसायटीच्या नियमात ते बसत नव्हतं, पण करत सगळेच होते. त्या शेठलाही पडद्यांचं हे काम हवं होतं हे आम्हाला माहीत होतं.

नमुन्याचे चार पडदे गेले आणि परत आले. सेक्रेटरी साहेबांनी एक पडदा माझ्या खोलीच्या दारात दोन्ही हातांनी उंच धरला.

"बाई, हा काय आहे?"

"वाघ."

"याला लकवा मारलाय."

खरंच मारला होता. डावी बाजू ठाकठीक. उजव्या बाजूच्या काही ओळी आठ-आठ धागे सरकलेल्या. नाक फाटलेलं, मिशा तुटलेल्या, तोंड एका बाजूला ओढलेलं. सगळ्या ओळी नव्हेत. मधूनच एखादी, कुठे दोन लागून. सेक्रेटरी म्हणाले, दोन महिन्यांत सुधारलेला नमुना नाही दिला तर काम जाईल.

मी आधी मास्तरांवर संशय घेतला. कागद उतरवून चौकटी मोजल्या. मास्तर बाजूला उभे राहून बोलत होते, "मोजा, मोजा. माझ्या वाघाची मावशीसुद्धा मोजा. कागद बरोबर आहे. बोटं कोणाची होती?" कागद बरोबर निघाला. मग मी श्रावणवर आले.

जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी असताना मी त्याच्या मागावरची माळ हाताने फिरवत एकेक पत्ता पाहत गेले. विसाव्या-पंचविसाव्या पत्त्यावर बोट अडखळलं. भोकांवर कागदाच्या टिकल्या चिकटवलेल्या, खळीने. आणि बाजूला नवी भोकं, हातपंचाने पाडलेली. पुढे आणखी एक तसाच, मग आणखी. मी असे एकोणतीस मोजले.

मला आनंद झाला. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झाला. चोर सापडला की होतो तसा. श्रावणने माझ्या पत्त्यांना हात लावला होता. शेठने त्याला फितवलं, त्याने पत्ते बिघडवले, वाघ वाकडा झाला, काम शेठला जाणार. मला सगळं एका रांगेत दिसलं. मी टिकल्या लावलेला एक पत्ता सोडवून घेतला आणि सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी समितीची बैठक भरली. पाच जण खुर्च्यांवर, श्रावण उभा, मी दारापाशी.

"हे तू केलं?" सेक्रेटरींनी विचारलं.

"हो."

"का?"

"पत्ते चुकीचे होते. उजवीकडची भोकं एक घर मागं. मले दिसले तेवढे मी बुजवले न् नीट पाडले. बाकीचे दिसले नाईत."

"मग आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगतलं असतं तर माग उभा राह्यला असता. नवे पत्ते यायले महिना. तोवर मी काय धोटा चाटू?"

कोणीतरी हसलं. सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "बाई, तुमचं काय म्हणणं?"

मी म्हटलं, "मी कापलेला पत्ता चुकत नाई."

एवढंच बोलले. त्यावर ठराव झाला. श्रावणकडून जकार्डचा माग काढून माधव नावाच्या दुसऱ्या विणकराला द्यायचा. सोसायटीत जकार्ड माग आठ आणि विणकर साठ. एकदा हातातून गेलेला माग परत येत नसे. श्रावणने आपला धोटा उचलला, तो त्याच्या घरचा होता, आणि माझ्या अंगावरून दाराबाहेर गेला. काही बोलला नाही. मला वाटलं, बोलायला तोंड कुठे आहे.

त्याची बायको कौसल्या सोसायटीच्या नळावर पाण्याला यायची. मी घागर लावली की ती मोठ्याने म्हणायची, "आमचा माग खाल्ला, आता पाणी तरी भरू द्या, बाई." मी घागर भरून निघायचे. पण शेजारणींना मी सांगत होते. शेठचा मुनीम श्रावणच्या घरी आलेला असणार. काहीतरी ठरलेलं असणार. दर वाक्याच्या शेवटी मी "असणार" म्हणत होते, एवढं मला आठवतं.

मी वाघाचे तीनशे साठ पत्ते नव्याने कापले. जागता पहारा ठेवला. कापलेले पत्ते माझ्या पेटीत, किल्ली माझ्या कमरेला. माळ माझ्यासमोर बांधली. माधवला सांगितलं, पत्त्यांना बोट लावलं तर याद राख. तो हसून म्हणाला, "मी तर वाघाले हात पण नाई लावत, बाई."

पडदा निघाला. वाघाला लकवा मारलेला होता. ओळी वेगळ्या, रोग तोच.

या वेळी संशय घ्यायला कोणी उरलं नव्हतं. मी माळ तपासली, एकही टिकली नाही. वाकड्या ओळीचा पत्ता काढून खिडकीत धरला तेव्हा दिसलं. मध्याआधीच्या घरात दोन घरांची भोकं एकावर एक पडली होती आणि पत्त्याचं शेवटचं घर कोरं राहिलं होतं. भोकं स्वच्छ, कडा धारदार. हातपंचाची नव्हेत, मशीनची. श्रावणने सांगितलं होतं, एक घर मागे. त्याने शब्दाला शब्द खरं सांगितलं होतं.

मी दार लावून घेतलं आणि कोऱ्या पत्त्यांवर मशीन चालवायला बसले. या वेळी कागदाकडे पाहिलं नाही, गाडीकडे पाहत राहिले. इतक्या वर्षांत मी गाडीकडे पाहिलंच नव्हतं. डोळे चौकटींवर, बोटं पट्ट्यांवर, पाय पायडलवर. गाडी आपली चालते असं धरून चालले होते. एक पत्ता, दहा पत्ते, तीस पत्ते, सगळं ठीक. चौतिसाव्याला मध्यावर लांब उडी आली, खटका दातात बसला असं वाटलं, आणि गाडी केसाएवढी थरथरून घसरली, एक घर मागे. आवाज नेहमीसारखाच.

मी बोटाने गाडी जराशी पुढे रेटली. खटका टक् करून बसला. मग पुढच्या पत्त्याला मध्यावर बोट लावलं. त्याच्या पुढच्याला लावलं. शंभर पत्ते चालवले, एकदाही घसरली नाही. त्या शंभरातल्या कितव्या पत्त्याला माझ्या ध्यानात आलं की माझा हात काय करतो आहे, ते सांगता येणार नाही.

चार स्क्रू काढून ती दातेरी पट्टी सुटी केली, फडक्यात गुंडाळली आणि गंगाबाईंच्या घरी गेले. त्या ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. डोळे जवळजवळ गेलेले. मी पट्टी त्यांच्या हातात दिली.

"हे काय वं? मशीनचं पोट काढून आणलं काय?"

"दात मोजा. मधोमध या."

त्यांनी अंगठा फिरवला. दात न् दात. मध्यावर अंगठा थांबला, मागे गेला, पुन्हा आला.

"हा झिजला. गोल झाला."

"तिथं गाडी लांब उडी मारते. सारा भार त्याच्यावर. खटका कधी बसते, कधी घसरते. तुम्ही तिथं हात लावून पाया पडत होत्या."

"हो."

"हात लावला की गाडी पुढं रेटली जाऊन राह्यली होती. खटका बसत होता."

गंगाबाईंनी पट्टी डोळ्यांजवळ नेली. मग म्हणाल्या, "म्हणजे मी इतकी वर्षं एका दाताले हात जोडले काय?"

"हो."

"न् त्या बुढ्यानं मले फसवलं?"

"त्याले माहीत असन. पोरीले समजावत बसण्यापेक्षा पाया पड म्हणणं सोपं गेलं असन."

"मेला," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा अंगठा त्या दातावर फिरवला. मग एकदम माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "न् तू पाया पडली नाई, म्हून वाघ वाकडा झाला. श्रावणचा माग गेला तो वाघापायीच ना? मंग त्याले कधी सांगतं?"

मी म्हटलं, सांगते. पण मी आधी सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, पट्टी उलटसुलट केली आणि म्हणाले, मिस्त्रीला बोलावून दात पितळेने भरून घेऊ. वाघ सरळ झाला की झालं. "श्रावणचा ठराव वर गेलाय, बाई. आता फिरवला तर वर विचारतील, आधी काय डोळे मिटून सही केली? आणि तुमच्यावरही येईल. लोक आधीच बोलतात. उगाच त्यांच्या हातात काठी कशाला देता?"

ते माझ्या भल्याचं बोलत होते, असं त्यांचा आवाज सांगत होता. मी कोणाच्या गोड आवाजावर विश्वास ठेवत नाही. त्या दिवशी ठेवला, कारण सोयीचा होता. मिस्त्रीने दात भरला, कानस मारली. मी वाकड्या ओळींचे पत्ते नव्याने कापले आणि वाघ सरळ निघाला. पडदे पसंत पडले. आठही मागांवर वाघ चढवायचं ठरलं, श्रावणच्या जुन्या मागावर माधव बसला, आणि मी नऊ दिवस गप्प राहिले.

दहाव्या दिवशी चहाच्या टपरीवर उभी होते. टपरीवाला कोणाला तरी सांगत होता, "श्रावणकडं शेठचा मुनीम रोज याचा ना. मी नाई पाह्यलं, पण पाहणारे आहेत. पत्ते बिघडवाचं ठरलंच होतं." ते शब्द माझे होते. फक्त माझं "असणार" गळून पडलं होतं. मी नळावर बोललेलं महिन्याभरात गल्ली फिरून माझ्याकडे आलं होतं, पुरावा होऊन. ते आधी बोलणारी मीच नसते तर मीही विश्वास ठेवला असता.

सोसायटीची सर्वसाधारण सभा त्याच आठवड्यात होती. कामकाज संपत आलं तेव्हा मी उभी राहिले. बायका सभेत बोलत नसत. सेक्रेटरींनी हाताने बसा म्हणून खूण केली. मी बसले नाही.

"वाघाचे पत्ते मशीननं बिघडवले," मी म्हटलं. "मशीनचा दात झिजला होता. माह्या ध्यानात आलं नाई. श्रावणभाऊ पत्ते दुरुस्त करून राह्यला होता, मी त्यालेच चोर ठरवलं. मुनीम आला होता असं मी नळावर बोलली. मी कोण्या मुनीमाले पाह्यलं नाई. त्याचा माग त्याले द्या. कोणाचं काढाचं असन तर माहं काम काढा."

मागून एक जण ओरडला, "बाई मशीनच्या पाया पडत नव्हत्या, म्हून झालं!" हशा पिकला. मला हे येणार ठाऊक होतं. मी खाली पाहिलं नाही.

गंगाबाई जुन्या सभासद म्हणून भिंतीशी बसल्या होत्या. त्या बसल्या जागेवरून बोलल्या, "पाया नाई पडली म्हून नाई रे बाबा, ढकललं नाई म्हून. मी ढकलत होती, न् मलेच ठाऊक नव्हतं. तुमच्यातल्या कोणाले ठाऊक होतं ते हात वर करा." कोणीच हात वर केला नाही.

दोन तास भांडण झालं. माधव म्हणाला, माझा काय गुन्हा? त्याचंही खरं होतं. पुढे जो माग मोकळा होईल तो त्याला, असं ठरलं. तो पुढची कित्येक वर्षं माझ्याशी बोलला नाही. श्रावणचा माग श्रावणला. माझं काम काढलं नाही. काढलं असतं तर पत्ते कापायला दुसरं कोणी नव्हतं, बाकी दयामाया काही नव्हती.

सभा सुटल्यावर श्रावण माझ्याकडे आला. मला वाटलं, आता बोलेल. मी तयार होते.

"माह्या मागाचे पत्ते मी पाहून घेईन," तो म्हणाला. "एकेक. तुमच्यासमोर, उजेडात धरून. मंगच माळ बांधीन."

"घ्या," मी म्हटलं.

कौसल्या नळावर माझ्याशी नीट बोलू लागली, तीन-चार वर्षांनी. श्रावण मात्र त्या दिवशी म्हणाला तसाच वागला. माझं काम सुटेपर्यंत, पंधरा-सोळा वर्षं. माझ्या हातचा प्रत्येक गठ्ठा तो खिडकीपाशी घेऊन बसायचा, कागद मांडीवर, आणि एकेक पत्ता उजेडात धरून भोकं वाचायचा. चारशे पत्त्यांना त्याचा अर्धा दिवस जायचा. बाकीचे विणकर गठ्ठा घेऊन निघून जायचे. सुरुवातीला मला ते टोचायचं. मी म्हणायचे, "मशीन आता ठीक हाय, श्रावणभाऊ." तो म्हणायचा, "असन." पुढे मी म्हणणं सोडलं. मी त्याच्या जागी असते तर मीही पाहिले असते. खरं तर मी जास्त पाहिले असते.

एक गोष्ट झाली. तो पाहणार हे ठाऊक असल्याने त्याच्या मागाचे पत्ते मी गाडीवर नजर ठेवून कापायचे. पुढे सगळेच तसे कापायची सवय लागली. माझ्या शेवटच्या वर्षांत परत आलेलं कापड कोणाला आठवत नाही. हे मी अभिमानाने सांगते. कशामुळे झालं तेही सांगते.

माझ्या कामाचा शेवटचा दिवस त्याच्याच गठ्ठ्यावर आला. लुगड्याच्या पदराची नक्षी, दोनशे ऐंशी पत्ते. तो खिडकीशी बसला, मी समोर. आता त्यालाही चष्मा लागला होता. दीडशेच्या पुढे कुठेतरी त्याने एक पत्ता बाजूला काढला.

"बाई, हे पाहा."

मी कागदावर बोट ठेवलं, घर मोजलं, आठ चौकटी वाचल्या. एक भोक जास्तीचं होतं. मशीन ठीक होतं, गाडी ठीक होती, बोट माझं चुकलं होतं. मी खळीने टिकली चिकटवली. ती वाळेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो. मग पत्ता त्याच्या हातात दिला. उद्यापासून या खुर्चीवर दुसरी बाई बसणार हे त्याला माहीत होतं. त्याने चष्मा पुसला, पत्ता पुन्हा खिडकीत धरला, पहिल्या घरापासून एक्कावन्नाव्यापर्यंत वाचला, आणि गठ्ठ्यात ठेवून पुढचा उचलला.